फूटीतल्या फॉरवर्डचं करिअर कसं बघायचं (नुसते गोल मोजू नका)

मेलबर्नला नवीन आलेल्या मराठी माणसाला फूटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, त्याची मोठी लीग एएफएल) कळायचा सोपा रस्ता सांगतो, सगळे अठरा प्लेअर बघायच्या भानगडीत पडू नका, एक फॉरवर्ड (पुढे राहून गोल मारणारा) पकडा आणि त्याचं करिअर ड्राफ्टपासून रिटायरमेंटपर्यंत नीट बघा. रूल्स आपोआप कळतात, क्लबांचं राजकारणही कळतं. मी इथे लान्स फ्रँकलिन घेतोय, म्हणजे सगळे ज्याला बडी म्हणतात तो. हॉथॉर्न आणि सिडनी हे दोन क्लब मिळून ३५४ मॅच, १०६६ गोल. आता रिटायर आहे, त्यामुळे सगळा हिशोब समोर आहे.

आधी स्कोअर वाचायला शिका, ते नाही आलं तर पुढचं सगळं फुकट. चार खांब असतात, मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनं बॉल गेला की गोल, ६ पॉइंट, त्याच्या बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ पॉइंट. लिहितात असं, आधी गोल, टिंबानंतर बिहाइंड, कंसात एकूण पॉइंट: २००८ ची ग्रँड फायनल (सीझनची शेवटची, विजेता ठरवणारी मॅच), हॉथॉर्न १८.७ (११५), जिलाँग ११.२३ (८९). म्हणजे जिलाँगला स्कोअर करायचे ३४ चान्स आणि हॉथॉर्नला २५, तरी जिलाँग हरलं. त्या २३ मधले बरेचसे बिहाइंड हॉथॉर्नच्या डिफेंडरांनीच मुद्दाम आपल्याच लाइनपार बॉल नेऊन दिले होते, एक पॉइंट गेला तर गेला, गोल तर वाचला! पुढच्या वर्षी लीगला त्यावर रूल आणावा लागला. तर फॉरवर्डच्या नावापुढे गोल बघताना टिंबानंतरचा आकडा पण बघायचा. बडीचं २००८ चं सीझन ११३ गोल आणि ८८ बिहाइंड असं आहे, खूप मारायचा आणि खूप चुकवायचापण.

मग ड्राफ्ट बघा. खालच्या नंबरच्या टीमला पहिला चॉइस मिळतो, अठरा वर्षांची पोरं घेतात, आणि उंच फॉरवर्डच्या बाबतीत हा सरळ जुगार आहे कारण अंग भरायला आणि मोठ्या डिफेंडरला खांद्यानं टक्कर द्यायला तीन-चार वर्षं जातात. २००४ च्या ड्राफ्टमध्ये रिचमंडनं चौथ्या नंबरवर रिचर्ड टॅम्बलिंग घेतला आणि पाचव्यावर हॉथॉर्नला बडी मिळाला, रिचमंडच्या जुन्या फॅनसमोर हा विषय काढून बघा, चहा गार होईपर्यंत ऐकावं लागेल. हॉथॉर्नला त्याच वर्षी दोन नंबरवर जॅरिड रफहेडपण मिळाला होता. हे महत्त्वाचं आहे बरं का. एकटा मोठा फॉरवर्ड असला की डिफेंडर दोघं-तिघं त्याच्यावर तुटून पडतात, दोन असले की कुणाला धरायचं हा प्रश्न त्यांना पडतो. म्हणून कुठल्याही फॉरवर्डचे गोल बघताना त्याच्या शेजारी कोण खेळत होता ते आधी शोधा.

आता ग्राउंडवर काय बघायचं. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे धावतो आणि फॉरवर्डचं निम्मं काम दिसतच नाही, त्यामुळे एकदा तरी एमसीजीला गोलच्या मागे वरच्या मजल्यावर बसा आणि एक पूर्ण क्वार्टर (मॅचचा चौथा भाग) फक्त एका प्लेअरवर नजर ठेवा. बॉल मिडफिल्डला असतानाच तो सुरू होतो, आधी गोलकडे दोन पावलं, डिफेंडर मागे सरकला की झटकन उलटा फिरून बॉलवाल्याकडे पळत सुटतो, याला लीड म्हणतात. दहा लीडपैकी सात-आठ वेळा बॉल त्याच्याकडे येतच नाही. कधी कधी तो पळतोच दुसऱ्यासाठी जागा मोकळी करायला, आणि त्याचं कुठल्याही स्कोअरशीटवर नाव येत नाही. १५ मीटरपेक्षा लांबून आलेली किक हवेत पकडली की मार्क, मग फ्री किक, ३० सेकंदांत मारायची.

मार्कनंतर थांबून मारायच्या या किकची, म्हणजे सेट शॉटची, ३० सेकंदं नीट बघा. डावा पाय असलेला बडी सरळ धावायचाच नाही, रन-अप डावीकडे कमानीसारखा वळत जायचा, त्यामुळे मार्कवर (बॉल पकडला त्या जागेवर) उभ्या असलेल्या समोरच्या टीमच्या माणसाच्या बाजूनं जागा मिळायची. दुसरा कुणी लाइन सोडून पळाला की अंपायर लगेच प्ले ऑन (खेळ सुरू, आता डिफेंडर अंगावर येऊ शकतो) ओरडतो, बडीला मात्र नॅचरल आर्क (नैसर्गिक वळण) म्हणून सूट, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. माझं मत विचाराल तर सूट जरा जास्तच होती, पण बघायला मजा यायची हे खरं. आणि हा फक्त उभा राहून मार्क घेणारा नव्हता, २०१० ला एसेंडनविरुद्ध बाउंड्रीच्या कडेकडेनं बॉल टप्पे टाकत पळाला (दर १५ मीटरला टप्पा टाकावाच लागतो), मागे केल हूकर जीव तोडून धावतोय आणि हातच लागत नाही, तो गोल त्या वर्षीचा गोल ऑफ द इयर होता. क्लिप शोधून बघा, उंची १९९ सेंटिमीटर आहे हे लक्षात ठेवून बघा.

बुटक्या फॉरवर्डला वेगळ्या मापानं मोजा. एडी बेट्स, कार्लटन आणि अॅडलेड, ३५० मॅचमध्ये ६४० गोल, गोल ऑफ द इयर चार वेळा. यांचं काम खाली पडलेला बॉल उचलणं आणि डिफेंडरला सुखानं बाहेर पडू न देणं, त्यामुळे त्यांचे टॅकल (बॉलवाल्याला धरून अडवणं) बघा, गोल नंतर.

आकडे वेगवेगळ्या काळातले शेजारी ठेवू नका, सचिनच्या काळातली वनडे अॅव्हरेज आणि आताचा टी-ट्वेंटी स्ट्राइक रेट एकत्र लावल्यासारखं होतं ते. टोनी लॉकेटचे १३६० गोल २८१ मॅचमध्ये आहेत, बडीपेक्षा कमी मॅच आणि जवळपास ३०० गोल जास्त. पण लॉकेटच्या काळात बरेचदा फॉरवर्ड आणि एक डिफेंडर समोरासमोर असायचे, नंतर कोचनी अख्खी टीम मागे ओढायला सुरुवात केली, झोन (माणूस न धरता जागा धरून डिफेन्स करणं) आले, फॉरवर्डलाही मागे पळून डिफेन्स करावा लागतो. सीझनमध्ये १०० गोल शेवटचे २००८ ला बडीनेच मारले, होम अँड अवे सीझनच्या (फायनल्सच्या आधीच्या नेहमीच्या मॅचच्या) शेवटच्या राउंडला, आणि त्याच मॅचमध्ये समोरच्या टीमचा फॉरवर्ड ब्रेंडन फेव्होला ९९ वर अडकला. त्यानंतर कुणी नाही. सीझनला सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला कोलमन मेडल मिळतं (फायनल्स धरत नाहीत), २०२२ ला चार्ली कर्नोनं ते ६४ गोलवर घेतलं. म्हणजे आजचे ६४ काय आहेत ते समजून घ्या. बडीकडे चार कोलमन आहेत, २००८, २०११, २०१४, २०१७, दोन वेगळ्या क्लबांत मिळून. माझ्या दृष्टीनं १०६६ पेक्षा हे मोठं आहे.

काँट्रॅक्टचा भाग चवीनं वाचण्यासारखा. एका क्लबला आठ वर्षं झाली की रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता येतं, म्हणजे बाहेरची ऑफर आणायची आणि जुन्या क्लबनं तेवढेच पैसे दिले नाहीत तर निघायचं. २०१३ ला हॉथॉर्नबरोबर दुसरी प्रीमियरशिप (म्हणजे लीगचं विजेतेपद) जिंकून बडी सिडनीला गेला, नऊ वर्षं, एक कोटी डॉलर, तेव्हा तो २६ चा होता, सगळे हसले की शेवटची तीन वर्षं पैसे पाण्यात. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी ग्रँड फायनलला समोर हॉथॉर्न, सिडनी ६३ पॉइंटनी हरलं, २०१५ ला हॉथॉर्न परत जिंकलं. सिडनीकडून २०१४, २०१६, २०२२ तिन्ही ग्रँड फायनल त्यानं हरल्या. यावरून डील फसलं म्हणणारे आहेत, पण एनआरएलवेड्या (म्हणजे रग्बी लीगवेड्या) सिडनीत लोक फूटीला यायला लागले याचा हिशोब कप मोजून लागत नाही.

उतार पण बघा, तो लोक वगळतात. २०१५ ला मानसिक आरोग्याच्या कारणानं फायनल्सना बसला, क्लबनं ते उघड सांगितलं, तेव्हा हे सोपं नव्हतं. २०२० ला दुखापतींमुळे एकही मॅच नाही. आणि मग ३५ व्या वर्षी, २५ मार्च २०२२, एससीजी, जिलाँगविरुद्ध हजारावा गोल, हजारो लोक कुंपण ओलांडून आत, मॅच अर्धा तास बंद. त्याआधी एक हजार फक्त पाच जणांनी केले होते. २०२३ च्या जुलैमध्ये पोटरी दुखावल्यावर थांबला.

आता स्वतः करून बघा. एएफएल टेबल्स नावाची फुकट साइट आहे, दिसायला जुनाट पण सगळ्या प्लेअरची मॅचवार माहिती आहे. तुमच्या आवडीच्या क्लबचा विशी-बाविशीतला फॉरवर्ड निवडा, गोल-बिहाइंड, मॅच किती खेळला आणि शेजारी कोण होतं एवढंच तीन सीझनचं लिहून काढा, मग शनिवारी ग्राउंडवर जा. जुलैत जात असाल तर जॅकेट घ्या, वरच्या मजल्यावर वारा बेकार असतो.