रंकाळ्याचं पाणी प्लेटवर लावताना

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या किंवा पंचगंगेच्या पाण्यातून प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, काय वाढेल हे आधी कळत नाही. म्हणून प्रत्येक वसाहत (प्लेटवर दिसणारा जिवाणूंचा ठिपका) रोगकारक समजूनच हाताळा. इन्क्युबेशननंतर (प्लेट उबेत ठेवून जिवाणू वाढवल्यावर) प्लेटच्या कडेला टेप लावा, वसाहतींची मोजणी झाकण न उघडता करा. वास कधीच घेऊ नका.

कल्चर (वाढवलेले जिवाणू असलेला द्रव) सांडलं तर आधी टिश्यू पेपर टाका, कडेकडून आत 1 टक्का हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) ओता आणि 20 ते 30 मिनिटं थांबा. घाईने पुसलं तर जिवाणू मरत नाहीत, पसरतात.

सगळ्यात जास्त चुका ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, होतात. कचऱ्याची पिशवी दोन-तृतीयांशच भरा, तोंड सैल ठेवा. आतली हवा पूर्ण बाहेर गेल्यावरच व्हॉल्व्ह बंद करा. हवा अडकली तर काटा 15 पौंड दाब दाखवतो, पण तापमान 121 अंशांवर पोचत नाही. माध्यमाला (जिवाणूंच्या खाद्याला) 15 मिनिटं पुरतात, कचऱ्याला किमान 30 द्या.