मॅन्युअल फोकस कसा साधावा: कासची फुले आणि काजव्यांची झाडे

पश्चिम घाटात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या कोणालाही दोन ठिकाणी ऑटोफोकस, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप साधलेला फोकस, हमखास दगा देतो: कासच्या पठारावरील इवल्याशा फुलांसमोर आणि पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी भरलेल्या झाडांसमोर. कॅमेऱ्याची ऑटोफोकस यंत्रणा कोणत्याही पद्धतीची असली, तरी तिला उजेड-अंधारातला फरक आणि स्पष्ट कडा लागतात. काळोखात त्या मिळत नाहीत आणि लेन्स नुसती पुढेमागे फिरत राहते. पठारावर उलट त्या जागोजागी मिळतात, त्यामुळे फुलापुढचे गवताचे पाते टिपले जाते आणि फूल धूसर राहते. फोकस नेमका कशावर हवा, हे छायाचित्रकारालाच ठाऊक असते, म्हणून अशा वेळी लेन्सवरची फोकसची रिंग स्वतःच्या हाती घेणे, म्हणजेच मॅन्युअल फोकस, श्रेयस्कर.

सुरुवात लेन्सवरील किंवा मेन्यूमधील स्विच मॅन्युअलवर नेण्यापासून करावी. काही साध्या लेन्सची रिंग ऑटोफोकस चालू असताना जोर लावून फिरवल्यास आतल्या मोटारीला इजा होऊ शकते, त्यामुळे हा क्रम पाळावा. त्यानंतर व्ह्यूफाइंडरशेजारची (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीजवळची) डायऑप्टरची, म्हणजे आपल्या नजरेनुसार जुळवायची, छोटी चकती फिरवून आतले आकडे सुस्पष्ट दिसतील असे करावे. समोरच्या दृश्याकडे पाहून ती जुळवू नये. चष्मा लावून छायाचित्रे काढत असाल, तर हे कामही चष्मा लावूनच करावे. ही चकती चुकीच्या जागी असेल, तर ऑप्टिकल (आरसा-काचेतून थेट दृश्य दाखवणाऱ्या) व्ह्यूफाइंडरमधून केलेल्या फोकसवर भरवसा ठेवता येत नाही.

१९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आल्यानंतर ऑटोफोकस रुळत गेला आणि जुन्या कॅमेऱ्यांत असणारी, दुभंगलेली प्रतिमा जुळवून फोकस करण्याची काच हळूहळू दिसेनाशी झाली. हल्लीच्या डीएसएलआरमधील (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यातील) काच उजळ असते, पण एफ/१.४ किंवा एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप उघडे असताना, फोकसची खोली (रेखीव दिसणारे पुढेमागचे अंतर) खरोखर किती कमी आहे हे ती दाखवत नाही. म्हणून माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग एकच: लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य) चालू करून हवा तो भाग पाच किंवा दहा पट मोठा करावा, रिंग फिरवत प्रतिमा रेखीव होऊन पुन्हा किंचित पुसट होईपर्यंत पुढे जावे आणि मग सावकाश मागे येऊन सर्वांत रेखीव जागी थांबावे. कडा रंगवून दाखवणारी फोकस पीकिंगची सोय झटपट अंदाजासाठी चांगली आहे, परंतु तिचा रंगीत पट्टा खऱ्या फोकसपेक्षा बराच रुंद पसरतो, म्हणून अंतिम निर्णय मोठ्या केलेल्या प्रतिमेवरच घ्यावा.

कासवर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट थेंबांचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या, लेन्सच्या १:१ प्रमाणात (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूइतकीच मोठी असताना) छिद्र लहान करून एफ/८ ठेवूनही फोकसची खोली जेमतेम १ मिलिमीटर मिळते. इतक्या जवळून रिंग फिरवत बसल्यास चित्राचा आकारच बदलत जातो. त्यामुळे हवे ते प्रमाण मिळाल्यावर रिंगला हात लावू नये, कोपरे टेकवून संपूर्ण कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवावा आणि थेंब चमकून रेखीव दिसताच तीन-चार छायाचित्रे सलग घ्यावीत. वारा असल्यास झुळूक थांबण्याची वाट पाहावी. पानाची लांबी सेन्सरला समांतर ठेवल्यास बरेच थेंब एकाच वेळी फोकसमध्ये येतात. हे सारे पायवाटेच्या कडेने, एकही रोप न तुडवता करावे. आत शिरल्याशिवाय मिळणार नाही ते छायाचित्र सोडून द्यावे.

काजव्यांसाठी अकोले तालुक्यात पुरुषवाडी किंवा भंडारदऱ्याला जाणार असाल, तर संधिप्रकाशातच ट्रायपॉड लावून निवडलेल्या झाडाच्या फांद्यांवर वरील पद्धतीने फोकस करावा आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावावी. त्यानंतर झूम बदलू नये. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या काही लेन्स कॅमेरा बंद करताच फोकसची जागा विसरतात, म्हणून तो चालूच ठेवावा आणि जादा बॅटरी जवळ बाळगावी. पोहोचायला उशीर झालाच, तर झाडावर टॉर्च मारू नये, कारण काजव्यांचे जोडीदार एकमेकांना प्रकाशाच्या खुणेनेच शोधतात. त्याऐवजी एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून त्याचा ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवावी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स एफ/२ वर असेल, तर ताऱ्यावर फोकस ठेवूनही सुमारे १० मीटरपलीकडचे झाड पुरेसे रेखीव येते. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर मात्र विसंबू नये. अनेक लेन्स त्या खुणेपलीकडेही फिरतात आणि तापमानानुसार नेमकी जागा थोडी सरकते. रात्र चढून हवा गार झाली की तोच तारा पुन्हा मोठा करून पाहावा आणि ठिपका पसरलेला दिसल्यास चिकटपट्टी काढून फोकस नव्याने जुळवावा.