सुस्थितीचं धोरण: परिपत्रक निघण्याआधीची तयारी

सरकारचा पैसा लोकांचं आयुष्य किती सुधारतं यावर तोलायचा, हे सुस्थितीचं धोरण. ते अर्थसंकल्पात उतरवायची ही यादी मागच्या खेपेला जे राहून गेलं त्यावरून केली आहे, त्यामुळे ती समतोल नाही. तेव्हा आराखडा होता, निर्देशक होते, पाहणी झाली होती, मंत्रिमंडळाची मान्यताही होती. खाती ज्यावर पैसा मागतात त्या अर्थसंकल्पाच्या मागणीपत्रकात मात्र सुस्थितीवरचा परिणाम लिहायला रकाना नव्हता. खात्यांनी नेहमीचा नमुना भरला, पैसा नेहमीच्या वाटेनं गेला, आणि आराखडा चांगल्या कागदावर छापून कपाटात गेला. म्हणून या यादीत रकाना पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

आधी शब्द ठरवा. ‘कल्याण’ म्हटलं की खात्यांना अनुदानाची योजना दिसते, ‘आनंद’ म्हटलं की विरोधकांना भाषण मिळतं. ‘सुस्थिती’ कोरडा शब्द आहे, म्हणूनच चालतो. खरं तर आपला जुना ‘योगक्षेम’ सर्वांत नेमका: योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे असलेलं राखणं. सकल देशांतर्गत उत्पादनात योग मोजला जातो. जंगल तोडून विकलं की आकडा वाढतो, जंगल कमी झालं ते कुठेच उतरत नाही. राष्ट्रीय उत्पन्नावरून राष्ट्राचं बरंवाईट जोखता येत नाही, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्या खुद्द सायमन कुझनेट्स यांनी १९३४ च्या अहवालातच लिहून ठेवलंय. त्यावर पहिल्या बैठकीचा तास घालवू नका.

क्षेत्रं ठरवायला समिती नेमू नका. आरोग्य, शिक्षण, उत्पन्न, काम, घर, सुरक्षितता, नातीगोती, वेळ, पर्यावरण, कारभारावरचा विश्वास: जगभरच्या याद्या यापलीकडे फारशा जात नाहीत. भूतानची ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत, आइसलँडनं २०१९ मध्ये ३९ निर्देशक ठरवले, वेल्समध्ये ते ५० आहेत. एखादी यादी घ्या, लोकांसमोर ठेवा, दोन बाबी वाढतील, एक गळेल. महिनाभराचं काम आहे. त्यावर वर्ष गेलं तर समजा की कुणाला तरी ते हवंच होतं. मोठी यादी संकेतस्थळावर राहू द्या. अर्थसंकल्पाला जोडायचे निर्देशक डझनाच्या आत ठेवा. इटलीनं २०१६ च्या कायद्यानं १२ जोडले, तेवढे पुरतात.

आता रकाना, आणि त्याच्या तारखा. अर्थसंकल्प मांडायचा दिवस धरून मागे मोजा. मागण्या मागवणारं परिपत्रक साधारण सहा ते आठ महिने आधी निघतं. त्याच्याही दोन-तीन महिने आधी संगणकप्रणालीतला नमुना गोठतो, म्हणजे त्यानंतर नवी ओळ घालायला कुणी हात लावत नाही. ही दुसरी तारीख कुठल्याही धोरणपत्रात सापडत नाही. प्रणाली सांभाळणाऱ्या माणसाला फोन करून विचारावी लागते. ती चुकली की तुम्हाला सांगतात, ‘यंदा परिशिष्ट जोडा, पुढच्या वर्षी बघू.’ परिशिष्ट घेऊ नका. ते कुणी उघडत नाही. रक्कम ज्या पडद्यावर भरतात त्याच पडद्यावर, रकमेच्या शेजारी रकाना हवा, आणि तो भरल्याशिवाय मागणी पुढे सरकता कामा नये.

तारखेचं महत्त्व कळायला फ्रान्सकडे पाहा. तिथल्या २०१५ च्या कायद्यानं सरकारनं नव्या निर्देशकांवरचा अहवाल दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी संसदेला द्यायचा ठरला. अर्थसंकल्पाचं विधेयक सादर करायची अखेरची मुदतही तीच. अहवाल येतो तेव्हा पैसे वाटून झालेले असतात. त्यावर चर्चा होईल, पण आकडा हलणार नाही. न्यूझीलंडनं ३० मे २०१९ चा अर्थसंकल्प मांडताना उलट क्रम धरला. पाच प्राधान्यं आधी जाहीर झाली, मंत्र्यांनी नव्या मागण्या त्यांच्याशी जोडून मांडायच्या होत्या, आणि मानसिक आरोग्यासाठी १.९ अब्ज न्यूझीलंड डॉलरचं पॅकेज त्यातून उभं राहिलं.

रकान्यात काय मागायचं तेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर सगळे ‘सकारात्मक परिणाम अपेक्षित’ असं लिहून मोकळे होतात. चार गोष्टी मागा: कोणता निर्देशक, किती माणसं, किती फरक किती वर्षं, आणि कशाचं नुकसान होईल. चौथी सगळ्यांत मोलाची, आणि तीच रिकामी येते. तिथे ‘निरंक’ लिहायला बंदी घाला. भूतानच्या धोरण-चाळणीत २२ बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ४ गुण. १ म्हणजे वाईट परिणाम, २ म्हणजे माहीत नाही, ३ म्हणजे फरक नाही, ४ म्हणजे चांगला. गंमत २ मध्ये आहे. ‘माहीत नाही’ला ‘फरक नाही’पेक्षा कमी गुण, म्हणजे अज्ञानाची किंमत मोजावी लागते. उत्तीर्ण व्हायला ६६ लागतात, म्हणजे सरासरी ३. ही युक्ती उचलाच.

अंकांत उदाहरण. एका कार्यक्रमात ४,००० माणसं, जीवन-समाधान ० ते १० च्या मापावर प्रत्येकी ०.३ नं वाढेल, परिणाम २ वर्षं टिकेल. ४,००० × ०.३ × २ = २,४०० गुण-वर्षं (एका माणसाचं समाधान वर्षभर एका गुणानं वाढलं की एक गुण-वर्ष). खर्च १ कोटी २० लाख, तर एका गुण-वर्षाला ५,०००. दुसऱ्या खात्याची मागणी याच हिशेबानं ९,००० ला पडत असेल तर निदान बोलायला काहीतरी हाती येतं. ब्रिटनच्या अर्थखात्यानं २०२१ च्या मार्गदर्शिकेत अशा एका गुण-वर्षाला २०१९ च्या किमतींत १३,००० पौंड धरले, खालची मर्यादा १०,००० आणि वरची १६,०००. तो आकडा तसाच उचलू नका, आपल्या उत्पन्नपातळीवर पुन्हा काढा. आरोग्यलाभ वेगळा मोजला असेल तर तोच लाभ समाधानात दुसऱ्यांदा मोजू नका. ही दुहेरी मोजणी जवळजवळ प्रत्येक मागणीत निघते, आणि ती मुद्दाम केलेली असतेच असं नाही.

कुणाला मिळतं याचं वजनही त्याच सूत्रात घाला. ग्रीन बुकात, म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याच्या खर्च जोखायच्या मुख्य मार्गदर्शिकेत, त्यासाठीचा घातांक १.३ आहे. म्हणजे ज्याचं उत्पन्न निम्मं, त्याच्या हाती पडलेल्या तेवढ्याच पैशाचं वजन सुमारे अडीच पट. सरासरीवर भागवलं तर वरच्यांना खूश करणारी मागणी सहज पास होते.

पाहणी. प्रश्न नवे शोधू नका. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयानं २०११ पासून विचारलेले चार पुरेत: आयुष्याबद्दल किती समाधानी, करता ते किती मोलाचं वाटतं, काल किती आनंदी होता, काल किती चिंतेत होता. चौथ्याचं माप उलटं आहे, कमी आकडा चांगला. तक्ता करणारा कुणीतरी चारही प्रश्नांची बेरीज-सरासरी काढतोच, त्याला आधीच थोपवा. हे प्रश्न प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच ठेवा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या गॅलप या संस्थेच्या पाहणीत राजकारणाचे प्रश्न आधी विचारल्यावर समाधानाचा आकडा साधारण ०.६ नं खाली आला होता. म्हणजे प्रश्नांचा क्रम बदलून तुम्ही कोणत्याही धोरणापेक्षा मोठा परिणाम घडवू शकता. दर वर्षी तेच महिने, तीच पद्धत. समोर बसून विचारल्यावर लोक स्वतःचं आहे त्याहून जरा चांगलंच सांगतात, त्यामुळे एका वर्षी घरी जाऊन आणि पुढच्या वर्षी ऑनलाइन केलीत तर दोन्ही आकडे शेजारी ठेवू नका.

पाहणीच्या नमुन्याचा आकार, म्हणजे किती माणसांना विचारायचं ते, आधी गणित करून ठरवा. समाधानाचं प्रमाण-विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, साधारण २ असतं. एका भागातून १,००० माणसं घेतली तर दोन वर्षांतला फरक ०.१८ च्या आत असेल तर दिसणारच नाही, आणि चांगल्या धोरणाचा लोकसंख्याभरचा परिणाम बहुधा त्याहून लहान असतो. ०.१ चा फरक भरवशानं पकडायला प्रत्येक वर्षी सुमारे ६,३०० माणसं लागतात, वस्त्यांच्या गटांतून नमुना घेतला तर त्याच्या दीडपट. एवढा पैसा नसेल तर दर वर्षी भागवार आकडे छापायचा मोह सोडा. आणि सरासरीआधी तळाकडे बघा: ० ते ४ सांगणारे किती टक्के, ते कोण, कुठे राहतात. सरासरी ७.५ वर स्थिर असताना तळ खचू शकतो.

रकाना आठवला का? पाहणीत रमलं की तो विसरतो. पाहणी रंजक असते, तिचे नकाशे होतात, त्यावर बोलावणी येतात. मागणीपत्रकाचा नमुना कुणी कार्यक्रमाला बोलावत नाही. पाहणी सहा महिने उशिरा झाली तर चालेल, जुनी आकडेवारी वापरता येते. रकाना सहा दिवस उशिरा आला तर वर्ष गेलं.

त्यातही एक फट राहते: रकाना फक्त नव्या मागण्यांना लागतो. खर्चाचा फार मोठा भाग मागील पानावरून पुढे येतो, तो कुणी विचारत नाही. दर वर्षी चालू खर्चाचा पाचवा हिस्सा आळीपाळीनं त्याच नमुन्यात भरायला लावा, पाच वर्षांत सगळा फिरून येतो. पूरक मागण्यांच्या नमुन्यात रकाना. वर्षाच्या मध्ये निधी इकडचा तिकडे वळवायच्या नमुन्यात रकाना. मंत्रिमंडळ टिपणीच्या साच्यात रकाना. खेळ याच दारांनी होतो: मुख्य अर्थसंकल्पात मिळवलेली प्रतिबंधक कामांची रक्कम सहाव्या महिन्यात तातडीच्या कामाकडे वळते, आणि त्या कागदावर काहीच विचारलेलं नसतं.

अर्थव्यवस्थेची बाजू अर्थसंकल्पाबाहेरही आहे. सरकारी खरेदीच्या गुणांकनात कामाचे तास, नोकरीची शाश्वती, स्थानिक प्रदूषण यांना वजन द्या. दहा टक्क्यांहून कमी वजन ठेवलं तर किमतीपुढे ते वाहून जातं. बेकारीचा हिशेब गमावलेल्या पगारावर थांबवू नका. नोकरी जाण्यानं समाधान जेवढं घटतं त्यातला थोडाच भाग पगारानं समजावता येतो, बाकीचा दिनक्रम, ओळख, सोबत यांचा. म्हणून रोजगार टिकवणाऱ्या आणि नुसती भरपाई देणाऱ्या योजना सारख्या तोलू नका. बिनपगारी घरकाम आणि सांभाळ मोजायला वेळवापराची पाहणी लागते, २४ तासांची नोंदवही, १० मिनिटांचे टप्पे. खर्चीक आहे, पाच वर्षांतून एकदा करा. दवाखान्याचे तास कमी करून ‘बचत’ दाखवली जाते, तेव्हा ते तास कुणाच्या वहीत चढले ते तिथेच दिसतं.

कायदा करायचा तर क्रियापद तपासा. ‘विचारात घ्यावे’ म्हणजे काहीच नाही. वेल्सच्या २०१५ च्या कायद्यात सात उद्दिष्टं, कामाच्या पाच रीती आणि स्वतंत्र आयुक्त आहेत. आयुक्तांची शिफारस मानली नाही तर संस्थेला कारण जाहीर करावं लागतं. दात फार तीक्ष्ण नाहीत, तरी कारण लिहावं लागणं ही छोटी गोष्ट नव्हे. न्यूझीलंडच्या २०२० च्या दुरुस्तीनं सरकारला अर्थसंकल्पामागची सुस्थितीची उद्दिष्टं सांगणं आणि अर्थखात्याला निदान चार वर्षांनी अहवाल देणं बंधनकारक केलं. अहवाल लिहिणारे आणि पैसे वाटणारे एकाच छपराखाली असणं फायद्याचं. वेगळं ‘सुस्थिती खातं’ काढू नका, बाकीची खाती निर्धास्त होतात.

प्रशिक्षण: खात्यांच्या लेखाधिकाऱ्यांना, सचिवांना नंतर. दोन तास, भरलेला नमुना समोर ठेवून. मदतीसाठी एक फोन नंबर.

तपासणी: भरलेल्या रकान्यांतले वीस उचला, पुरावा मागा. बनावट आकडा सापडला तर मागणी परत. पहिल्या वर्षी दोन-तीन परत गेल्या की पुरे.

प्रसिद्धी: निर्देशक खाली गेला तरी छापायचा, आणि छापायची तारीख आधीच जाहीर करा. घोषवाक्य नको.

निवडणूक, नवे मंत्री: जे नियमावलीत आणि प्रणालीत आहे ते टिकतं, बाकी जातं.

परिपत्रक सहीला जाण्याच्या आदल्या दिवशी एखाद्या खात्याच्या लॉगिननं स्वतः प्रणाली उघडा, खोटी मागणी भरा आणि रकाना रिकामा ठेवून ‘पाठवा’ दाबा. गेली, तर सही थांबवा.