बंद झालेल्या मॉडेलचा चेनसॉ स्वस्तात मिळतोय?

दुकानदार सूट सांगतो तेव्हा आधी एकच विचारा: याचे सुटे भाग कुठे मिळतील? चेन आणि बारची (म्हणजे चेन ज्या लांब पट्टीवर फिरते तिची) फारशी काळजी नको. बारवर पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या बहुतेकदा कोरलेली असते; ती जुळली आणि बारचं बूड मशीनवर नीट बसलं की दुसऱ्या कंपनीचेही चालतात. खरी अडचण इग्निशन कॉइल, ऑइल पंप, क्लच, पिस्टन-सिलिंडरची. हे बहुतेकदा त्या-त्या मॉडेलचेच लागतात. म्हणून पार्ट नंबर लिहून घ्या आणि तुमच्या तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकला पैसे देण्याआधी फोन करा. तो "मिळेल बहुतेक" म्हणाला तर मी घेणार नाही.

दुसरं, खोक्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनची पेट्रोलची नळी कडक होते, कार्ब्युरेटरमधला पातळ पडदाही ताठरतो. नळी बोटाने वाकवून पाहा. तडे दिसले तर तो खर्च किमतीत धरा. दुकानातच सुरू करायला लावा, चेन ब्रेक, म्हणजे फिरती चेन थांबवणारा ब्रेक, त्याचा पुढचा दांडा पुढे ढकलून लागतो का ते पाहा. ब्रेक लागत नसेल तर फुकटही नको, माणसाच्या हातापायांचा प्रश्न आहे.

वर्षातून दोनदा आंब्याच्या फांद्या छाटायच्या असतील तर असा सौदा परवडतो. रोजच्या कामाला चालू मॉडेलच घ्या.