डीसीओ चेक लाल, पुल रिक्वेस्ट अडकली: माझा अनुभव

पहिलीच पुल रिक्वेस्ट (माझे बदल प्रकल्पात घ्या, ही विनंती), तीन कमिट (बदलांच्या नोंदी), टेस्ट सगळ्या हिरव्या. फक्त डीसीओ लाल (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन: हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळीने दिलेली हमी). ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ आधी पुल रिक्वेस्टच्या वर्णनात टाकली, मग शेवटच्या कमिटमध्ये हाताने लिहिली. ढिम्म! एका ओळीपायी अख्खा रविवार गेला.

गोम अशी: ही ओळ प्रत्येक कमिटच्या संदेशात लागते आणि तिच्यातला ईमेल कमिटच्या लेखकाशी जुळावा लागतो. माझे कमिट ऑफिसच्या ईमेलने झाले होते, ओळीत घरचा.

आधी ‘गिट कॉन्फिग यूझर.ईमेल’ने घरचा ईमेल लावला (यूझर.नेमही बघून घ्या). मग आपल्याच ब्रँचवर:

गिट रिबेस हेड~3 --एक्झेक "गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर --नो-एडिट --साइनऑफ"

याने शेवटचे तिन्ही कमिट नव्या ईमेलने, ओळीसकट पुन्हा लिहिले जातात. 3 म्हणजे माझे कमिट. तुमचे असतील तितके घाला. ‘गिट लॉग -3’मध्ये तिन्हींखाली ओळ दिसली, तेव्हाच ‘गिट पुश --फोर्स-विथ-लीज’ केलं. नुसतं ‘--फोर्स’ नको, त्या ब्रँचवर दुसऱ्याचं काम असलं तर पुसलं जातं. पुल रिक्वेस्ट तीच राहिली, चेक हिरवा.