कंपन देऊन फ्लुइडाइज्ड बेड ड्रायर कसा चालवावा

फ्लुइडाइज्ड बेड ड्रायरमध्ये भोकं असलेल्या जाळीवर माल पसरतात आणि खालून गरम हवा सोडून तो तरंगत ठेवून वाळवतात. ओला, चिकट माल साध्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये टाकला की हवा सगळ्या थरातून सारखी वर येत नाही. दोन-चार ठिकाणी ती वाट काढते, तिथला माल उडतो आणि बाकीचा गठ्ठा जाळीवर बसून राहतो. ब्लोअर वाढवला तर बारीक कण सायक्लोनमध्ये (बाहेर जाणाऱ्या हवेतली धूळ पकडणाऱ्या भांड्यात) जातात, ढेकळं मात्र जागची हलत नाहीत. अशा वेळी जाळीसकट थर हलवला की कणांमधले चिकट जोड तुटतात, हवेच्या वाटा मोडतात आणि बऱ्याचदा कमी हवेत थर मोकळा होतो. कंपनाचं काम एवढंच. कणाच्या आत मुरलेला ओलावा त्याने बाहेर येत नाही. तिथे वेळ आणि तापमानच लागतं.

गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये केलेल्या पावडरींच्या वर्गवारीतला 'सी' गट, म्हणजे साधारण ३० मायक्रॉनखालची चिकट पावडर, कंपनाशिवाय धड फ्लुइडाइज होत नाही. लांबट, तंतुमय, वेड्यावाकड्या आकाराच्या, सहज मोडणाऱ्या कणांनाही कंपनाचा फायदा होतो. वाळूसारखा मोकळा माल असेल तर या भानगडीत पडू नका.

आधी हवेचा हिशोब

थरातल्या मालाचं वजन किलोत घ्या आणि जाळीच्या क्षेत्रफळाने (चौरस मीटर) भागा. येणारा आकडा म्हणजेच पूर्ण तरंगलेल्या थराचा दाबफरक (थराच्या खालच्या आणि वरच्या हवेच्या दाबातला फरक), पाण्याच्या मिलिमीटरमध्ये. ६०० किलो प्रति घनमीटर घनतेचा १० सेंमी थर असेल तर ६० मिमी.

आता कंपन बंद ठेवून हवा हळूहळू वाढवा आणि मॅनोमीटर (दाबफरक मोजणारं साधन) वाचा. तेवढ्याच हवेला रिकाम्या जाळीचा दाबफरक किती येतो ते आधी मोजून ठेवा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. आकडा ३०-३५ वरच अडकला आणि माल एका कोपऱ्यात उकळल्यासारखा दिसला, तर हवा वाट काढून पळते आहे. मग कंपन चालू करून तीच चाचणी पुन्हा घ्या. चिकट पावडरीत आकडा ६० कडे सरकायला हवा. जाड मालात तो थोडा खालीच राहतो, कारण थराचा काही भार कंपन उचलतं. तिथे आकड्यापेक्षा थराच्या पृष्ठभागावर भरवसा ठेवा. तो सगळीकडे सारखा हलला पाहिजे.

जाळीचा दाबफरक थराच्या किमान ३० टक्के असावा. त्याहून कमी असेल तर कितीही हलवा, जिथे थर पातळ तिथूनच हवा निघणार.

कंपनामुळे कमी हवेत थर हलतो, म्हणून हवा वाटेल तेवढी कमी करता येते असं मात्र नाही. उष्णता हवेतूनच येते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४५० किलोज्यूल लागतात आणि एक किलो हवा ४० अंशांनी थंड झाली की जेमतेम ४० किलोज्यूल देते. म्हणजे किलोभर पाण्यामागे साधारण ६० किलो हवा, वर उष्णतेची गळती वेगळी. तासाला २० किलो पाणी काढायचं असेल तर १२०० किलो हवा लागेल. ८० अंशांना ती सुमारे १२०० घनमीटर होते. दीड चौरस मीटर जाळीवर हा वेग सेकंदाला ०.२२ मीटर येतो. एवढ्या वेगाला माल उडत असेल तर जाळीचं क्षेत्रफळ वाढवा किंवा हवा जास्त गरम करा. कंपनाने हा प्रश्न सुटत नाही.

कंपन किती द्यायचं

तीव्रता म्हणजे कंपनाचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे ते. ती काढायचं सूत्र असं: अॅम्प्लिट्यूड (मीटर) × (२ × ३.१४ × सेकंदातली आवर्तनं) चा वर्ग ÷ ९.८१. मशीनच्या बाजूला लावलेल्या स्टिकरवर दिसतो तो पूर्ण स्ट्रोक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची हालचाल. अॅम्प्लिट्यूड त्याच्या निम्मं. इथे गल्लत झाली तर उत्तर दुप्पट येतं. ९६० आरपीएमची मोटर आणि ६ मिमी स्ट्रोक असेल तर तीव्रता सुमारे ३ येते. कंपन तिरकं असेल तर थर उचलायला यातला उभा भागच कामाला येतो.

उभी तीव्रता १ च्या खाली असेल तर थर जाळीवरून सुटत नाही, उलट दबत जातो. १.५ पासून सुरुवात करून थोडी थोडी वाढवा आणि थर मोकळा झाला की थांबा. पुढचं कंपन कण फोडतं आणि वेल्डिंगला तडे देतं. थराची जाडी १०-१५ सेंमीपर्यंतच ठेवा. त्यावर कंपन थरातच जिरतं आणि वरचा भाग निपचित पडून राहतो.

कंपन देणाऱ्या दोन मोटर एकमेकींच्या उलट दिशेला फिरायला हव्यात. एकीचे फेज चुकून बदलले आणि दोन्ही एकाच दिशेने फिरल्या तर सरळ कंपन मिळत नाही, मशीन गोल डोलतं आणि माल पुढे सरकत नाही. दोन्हींची असंतुलित वजनं सारख्या कोनात लावा. चारही कोपऱ्यांचा स्ट्रोक वाचा. एक कोपरा वेगळा दिसला तर आधी तिथली स्प्रिंग आणि बोल्ट पाहा.

माल आत किती वेळ राहतो ते मुख्यतः बाहेरच्या टोकाच्या वियरवरून (माल अडवणाऱ्या आडव्या पट्टीवरून) ठरतं. थरात ९० किलो माल आणि तासाला ३०० किलो फीड (आत येणारा माल), म्हणजे साधारण १८ मिनिटं. माल ओला निघाला की बरेच जण कंपन वाढवतात. त्याने माल आणखी लवकर बाहेर पडतो आणि ओलावा वाढतो. वियर वर घ्या, किंवा फीड कमी करा.

फीडच्या तोंडाशी गोळे होत असतील तर वाळलेला थोडा माल परत आणून ओल्यात मिसळा. बाहेर जाणारी हवा ओलाव्याने भरलेली असेल तर हुडमध्ये (थरावरच्या झाकणात) पाणी साचून थेंब थरावर पडतात आणि गोळे तिथूनही होतात. हुडला इन्सुलेशन द्या. एक्झॉस्ट पंखा पुरवठ्यापेक्षा किंचित जास्त ओढेल असा ठेवा, म्हणजे धूळ बाहेर येणार नाही.

हलणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामधले लवचिक जोड रबराचे किंवा कापडाचे असतात, त्यांतून विद्युतभार पुढे जात नाही. हलणारा भाग आणि स्थिर हुड यांच्यात तांब्याची वेणी लावून अर्थिंग करा. ज्वलनशील पावडरला हे टाळूच नका.

चालू करताना आधी हवा, मग हीटर, मग कंपन, शेवटी फीड. हवेशिवाय कंपन दिलं तर माल दाबून बसतो आणि जाळीची भोकं बुजतात. बंद करताना आधी फीड थांबवा, थर रिकामा होईपर्यंत कंपन चालू ठेवा, हीटर बंद करा आणि जाळी थंड झाल्यावरच हवा तोडा. मोटर थांबताना मशीन स्प्रिंगच्या नैसर्गिक वारंवारतेतून जाताना जोरात हेलकावतं. तो हेलकावा लांबत असेल तर ब्रेकिंग लावा, नाहीतर सर्वांत आधी लवचिक जोड फाटतील.