साथीच्या काळात अँग्झायटी वाढलीय? कॉलेजवाल्यांनी एवढं तरी करा

परीक्षा होणार की पुढे जाणार, ऑनलाइन की ऑफलाइन, घरचे बरे आहेत ना, घसा खवखवतोय म्हणजे मलापण झालं की काय, हे सगळं डोक्यात एकदम चालू असतं आणि पुस्तक उघडून तासभर बसलं तरी पान काही उलटत नाही. तुम्ही एकटे नाही आहात यात, कोरोनाच्या पहिल्या वर्षात जगभरात अँग्झायटी आणि डिप्रेशन साधारण २५ टक्क्यांनी वाढलं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं, आणि त्यात तरुण पोरापोरींना जास्त फटका बसला.

सगळ्यात आधी सारखं चेक करणं कमी करा. रुग्णांचे आकडे बघितले की दोन मिनिटं हायसं वाटतं आणि मग परत शंका, परत फोन हातात, आणि खरी गोम त्या हायसं वाटण्यातच आहे, कारण मेंदू शिकतो की शंका आली की बघायचंच. म्हणून दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी, आरोग्य खात्याची आणि युनिव्हर्सिटीची साइट बघायची, झोपायच्या आधी तर नाहीच. क्लासचा ग्रुप म्यूट करा (तिथे निम्म्या अफवाच असतात) आणि एका भरवशाच्या मित्राला सांगून ठेवा, खरंच सर्क्युलर आलं तर फोन कर.

मग एक कागद घेऊन मधे रेघ मारा. डावीकडे ज्याचं काही करता येतं ते, म्हणजे फॉर्मची मुदत, लस, राहिलेलं सबमिशन. उजवीकडे ज्याचं उत्तर आज कोणाकडेच नाही, साथ कधी संपणार, पुढे नोकरी लागेल का वगैरे. उजवीकडच्या गोष्टींना संध्याकाळी पंधरा मिनिटं द्यायची, तेव्हा मनसोक्त काळजी करा, दिवसा आठवलं की कागदावर लिहून पुढे. फालतू वाटेल ऐकायला पण थेरपीत खरंच वापरतात हे. आणि डावीकडे "प्रोजेक्ट" असं लिहू नका, "दुसऱ्या चॅप्टरचे रेफरन्स लावणे" असं लिहा, तरच हात चालतो.

धडधडायला लागलं तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, काही मिनिटं. पॅनिक अटॅक बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला जाऊन ओसरायला लागतो. पण साथ श्वसनाची असेल आणि दम लागणं किंवा छातीत दुखणं थांबतच नसेल तर अँग्झायटीच असेल म्हणून बसून राहू नका, डॉक्टरला गाठा.

झोपेचं सोपं आहे, उठायची वेळ रोज एकच ठेवा आणि दुपारनंतर कॉफी बंद.

दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलंच असेल तर काउन्सेलरला मेल टाका, जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र मेलच्या उत्तराची वाट न बघता त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि हेल्पलाइनला फोन करा. मेलमध्ये निबंध नको, "मला दोन आठवड्यांपासून खूप अँग्झायटी आहे, झोप लागत नाही, फोनवर किंवा ऑनलाइन सेशन मिळेल का" एवढं बास. रूममेटसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर तेही लिहा, चॅटवर जमतं का बघतात.